साडेचौदा टक्क्यांचे दाजी

रेड वाईनबद्दल ठाम मत असलेला एकच माणूस तेव्हा साऱ्या सुरतेत होता, आणि तो सुरतेत वाईनचा एक थेंबही पीत नसे. हे आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, अक्कांचे, यजमान. डिंडोलीत राहायचे आणि एका कापड मिलमध्ये डाइंग मास्टर होते. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सुरतेत हवी ती बाटली दुधापेक्षा वेळेवर घरपोच यायची. दाजींना ते मंजूर नव्हतं. "लपूनछपून प्यायला मी काय चोरी केली शे?" असं म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी ते भुसावळकडची पॅसेंजर पकडायचे आणि हद्दीपलीकडे नवापूरला धाकट्या भावाच्या घरी उतरायचे. वाईन तिथेच प्यायची, रात्री तिथेच झोपायचं आणि पुरती उतरल्यावर रविवारी दुपारच्या गाडीने परत. पोटातला मालसुद्धा हद्दीच्या आत आणायचा नाही, इतके ते कायद्याचे पक्के. अक्का म्हणायच्या, "ह्यांच्याइतकी सोवळी दारू कोणी पीत नसंल."

वाईनही कुठलीही चालत नसे. नाशिककडे एका द्राक्ष बागायतदाराने छोटी वाईनरी काढली होती, तिथली काळपट लाल, घट्ट, जिभेला धरून बसणारी वाईनच लागे. बाटली हातात आली की दाजी आधी चष्मा लावून अल्कोहोलचे टक्के वाचत. साडेचौदा दिसले की चेहरा खुलायचा. बाराची बाटली कोणी आणली तर ती आल्या पावली बायकांकडे सरकवायचे, "घ्या, सरबत शे." मग परीक्षा. मिलमधून आणलेली पांढऱ्या सुती कापडाची पट्टी वाईनमध्ये बुडवायची, वाळवायची आणि साबणाने खसाखसा धुवायची. डाग राहिला तर वाईन खरी, गेला तर कच्ची. नवापूरच्या घरात दोरीवर अशा जांभळट पट्ट्या कायम वाळत असत. जन्मभर रंगात हात घातलेल्या माणसाला दुसरी कसोटी सुचणार तरी कशी? मी एकदा म्हटलं, "दाजी, चव बघा की सरळ." तर म्हणाले, "जीभ खोटं बोलस, कापड नही."

आणि एका शनिवारी आम्हीही नवापूरला होतो तेव्हा भावाने वाईनच्या खोक्याबरोबर निरोप आणला. मालक म्हणत होता, ही वाईन यंदा शेवटची. मुंबईच्या हॉटेलवाल्यांना ती फार कडक वाटते, पुढच्या हंगामापासून फक्त बाराची, हलकी करणार. दाजी त्या रात्री प्यायलेच नाहीत. घरचं कोणी गेल्यासारखे बसून राहिले. सकाळी म्हणाले, "चला, मी सांगस त्यासले."

ते मुंबईवाले वाईनरीवर चव घ्यायला कधी येणार हे भावाकडून काढून घेऊन मी जीप ठरवली, स्वयंपाक वाटून दिला आणि निघायची वेळ सगळ्यांना अर्धा तास आधीची सांगितली, म्हणून वेळेवर पोचलो. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्याकडे होता, काळ्या मसाल्याचं मटण अक्कांकडे. दाजींकडे फक्त पट्ट्या.

मालक मोठ्या अगत्याचा माणूस. त्याने आम्हालाही मुंबईच्या दोघा पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं; तिथे कडक वाईन आणि नमुन्याची बाराची, अशा दोन्ही मांडल्या होत्या. त्यांनी कडक वाईनचा घोट घेतला आणि औषध पाजल्यासारखं तोंड केलं. दाजी उठले, पट्टी बुडवली, उन्हात वाळवली आणि सगळ्यांना नळावर बोलावून धुवायला लागले. काय झालं कोण जाणे, तिथलं पाणी वेगळं की साबण जास्त, पट्टी जवळजवळ पांढरी निघाली. मुंबईचा तरुण पाहुणा हसून म्हणाला, "काका, तुमचा तर रंगच उडाला!"

दाजी ओली पट्टी हातात घेऊन उभे राहिले. मग ती उन्हाकडे धरून उलटसुलट पाहू लागले.

तेव्हा अक्का ओरडल्या, "झाली हौस? आता जेवा सगळे, मटण गार होतंय."

पानं वाढली. तो तरुण पहिल्याच घासाला लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने समोरची हलकी वाईन घटाघटा प्यायली. "वाईन काही कळलीच नाही," तो म्हणाला.

"नुसतं तोंड धुतलं तुम्ही," दाजी पुढे सरसावले. "थांबा. आधी मटणाचा घास खा. गिळा. हां, आता हाई घ्या."

त्याने कडक वाईनचा घोट घेतला आणि थांबला. पुन्हा घास खाल्ला, पुन्हा घोट. मग शेजारच्या वयस्कर पाहुण्याला म्हणाला, "साहेब, असं करून बघा." साहेबांनी केलं. दोघांनी भाकरी मागून घेतली. बाराची वाईन टेबलावर तशीच राहिली आणि दुसरीच्या दोन बाटल्या संपल्या. शेवटी साहेब बोट चाटत मालकाला म्हणाले, "आमच्या तिखट जेवणाबरोबर ही द्या. बंद कशाला करता?"

"राहू दे मग," मालक हसला. "दाजींच्या मटणावर राहू दे."

"माझ्या मटणावर," अक्का म्हणाल्या. पण दाजी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. परतीच्या वाटेवर जीपच्या ड्रायव्हरला त्यांनी सारी हकीकत दोनदा ऐकवली, आणि दुसऱ्या खेपेला तर मुंबईवाले त्यांच्या पाया पडले होते.

पुढच्या हंगामाची वाईन तयार झाली तेव्हा मालकाने मुद्दाम बोलावणं धाडलं. तोवर दाजींचं लिव्हर बिघडलं होतं आणि डॉक्टरांनी वाईनचा वाससुद्धा नको म्हणून बजावलं होतं. तरी ते आले. भाकऱ्या त्यांनी स्वतः वाढल्या, प्रत्येकाला आधी घास, मग घोट, असं दटावत फिरले आणि मग पाण्याचा पेला घेऊन कडेच्या खुर्चीवर बसले. मालकाने येऊन विचारलं, "कशी झालीय यंदा, दाजी?"

दाजींनी टेबलाभोवतीचे चेहरे एकेक करून सावकाश पाहिले. कोणीतरी न विचारता दुसरा पेला भरून घेत होतं.

"चांगली झाली," ते म्हणाले.