तिसऱ्या वळणावरचं पाणी

माझी थोरली बहीण कोळशाच्या उघड्या खाणीत पाण्याचा टँकर चालवते. ‘चालवायची’ असं लिहायला अजून हात धजत नाही. खाणीत उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारायचं, म्हणजे धूळ बसते आणि डंपरवाल्यांना समोरचं दिसतं. बावीस वर्षं हेच. तिच्या घरी धुतलेल्या ताटावर बोट फिरवलं तरी काळं होतं. पण त्या कोळशावर आमच्या गावातला एक दिवा लागत नाही. सगळा जहाजात बसून परदेशी जातो.

त्या मंगळवारी सकाळी सहाला, पहिल्याच फेरीत, ताईला तिसऱ्या वळणावर काहीतरी खटकलं. रोज कडेच्या चरातून वाहणारं पाणी तिथं जागच्या जागी नाहीसं होत होतं. ती उतरली. बोटभर रुंद भेग होती, आणि बरोबर तिच्या खाली, खाणीच्या तळाशी, खोदाईचं यंत्र व चार माणसं.

तिनं वायरलेसवर पाळीच्या साहेबांना सांगितलं, “साहेब, तिसऱ्या वळणावर जमीन पाणी पितेय.”

“उन्हाळा आहे बाई, तहान लागली असेल,” साहेब हसले. “तुमचं काम पाणी मारायचं. ते कुठं जातं ते बघायचं नाही. बंदरावर जहाज खोळंबलंय.”

आठला तिनं पुन्हा सांगितलं. जमीन तपासणारा मोजणीवाला दुपारी येईल, असं उत्तर आलं. दहाला भेगेत तिचा अख्खा हात मावला. मग तिनं भरलेला टँकर वळणाच्या अलीकडे रस्त्यात आडवा लावला, किल्ली जेवणाच्या डब्यात टाकली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

वरचे डंपर वर अडकले, भरायला डंपर नाही म्हणून खालचं यंत्र थांबलं. कंटाळून ती चौघं चढण चढून वर आली, ताईला चार शब्द सुनावायला.

“मावशी, घरी नवऱ्याशी भांडून आलीस का?” यंत्रवाला म्हणाला.

“भांडले. पण तो तुमच्या साहेबापेक्षा लवकर ऐकतो.”

साडेअकराला साहेब जीपमधून उतरले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तो हात तसाच राहिला. समोरचं अख्खं वळण खाली बसलं. यंत्र गाडलं गेलं. माणूस एकही नाही, कारण चौघंही इथं उभं राहून हिला बोलत होती.

आता कंपनीचं पत्र आलंय. दीड तास उत्पादन रोखलं म्हणून निलंबन, शनिवारपर्यंत लेखी माफी मागा, नाहीतर नोकरी गेली. जहाज दोन दिवस उशिरा सुटलं, हे त्यात आहे. वळण कोसळलं, हे नाही. चार जीव वाचले, हे तर नाहीच. ही माणसं आरशात कशी बघत असतील?

“ताई, माफी कसली मागतेस?” मी म्हटलं.

“मागायची आहे. तू शिकलेली, तू लिही. शब्द मात्र माझे.”

तिनं सांगितलं, मी लिहिलं. खाली तिची सही आहे:

‘माझी चूक झाली. सहाला पाणी मुरताना दिसलं, तेव्हाच टँकर आडवा लावायला हवा होता. मी दहापर्यंत तुमच्यावर विश्वास ठेवला. पुन्हा ठेवणार नाही.’