म्हशीच्या दुधाचा प्रश्न

नाना पहिल्याच भेटीत माणसाला असा प्रश्न विचारत, की ज्याचं उत्तर त्याला माहीत असणं शक्य नसे. समोरच्याने तरीही झटकन उत्तर दिलं, की नाना टोपी उचलून उठत. संपलं. त्या माणसाशी पुढे व्यवहार नाही, सोयरीक नाही, चहासुद्धा नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. पारोळ्याच्या बैलबाजारात त्यांनी उभी हयात दलाली केली. शिंगाला तेल लावून म्हातारा बैल तरणा म्हणून विकणारी माणसं त्यांनी रोज पाहिली, आणि क्वचित तसे बैल स्वतःही विकले असावेत, असा माझा संशय आहे. "मी सोता दलाल शे," ते म्हणत, "माले दलाल लांबतून वळखू येस." त्यामुळे दूधवाला, वायरमन, माझ्या ताईसाठी आईने पाहिलेला जावई, सगळे त्यांच्या लेखी दलालच. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर तर त्यांचा विशेष राग होता. उद्याचं इतकं हसत हसत कोण सांगतं?

ही परीक्षा त्यांना महागातही पडली. उजव्या डोळ्याला दिसेनासं झालं, तेव्हा वडील त्यांना धुळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नानांनी विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर सुईत दोरा ओवता येईल का?" डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "शंभर टक्के!" नाना तडक एसटी स्टँडवर. पुढे दुसरा डॉक्टर त्यांना पसंत पडेपर्यंत तो डोळा कायमचा गेला. नानांना मात्र त्याचा पश्चात्ताप झालेला मी कधी पाहिला नाही.

अशा माणसाच्या होकारावर माझं अमेरिकेला जाणं अडलं होतं. आम्ही जळगावात मेहरूणला राहायचो. केळीच्या मुळांना होणाऱ्या रोगावर मला पुढे शिकायचं होतं आणि वडील नानांच्या शब्दाबाहेर नव्हते. "नाना हो म्हणाले तर जा," एवढंच ते म्हणाले आणि सुटले. मी मनात म्हटलं, झालं! संपलं आपलं शिक्षण.

जळगावात परदेशी प्रवेशाचं काम करणारे एक सर होते. ऑफिसात थंडगार एसी आणि भिंतभर विमानतळावर हसणाऱ्या मुलांचे फोटो. नाना माझ्याबरोबर आले. सरांनी विद्यापीठांची नावं सांगितली, अर्जासोबतचा निबंध आम्हीच लिहून देतो म्हणाले, व्हिसाची काळजीच नको म्हणाले. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तठे म्हशीनं दूध भेटस का?"

"भरपूर! सगळं मिळतं नाना तिकडे."

"याले बठ्ठंच माहीत शे," नाना मला म्हणाले, "सगळंच! चाल, ऊठ."

अर्ज भरायची मुदत जवळ आली होती. मी रस्ताभर रडले. ते सर खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. त्यांच्याकडून गेलेली चोपड्याची दोन मुलं तिकडे व्यवस्थित शिकली. पण नाना हटले नाहीत. शेवटी मी रागारागाने स्वतःच अर्ज भरले, निबंधही स्वतःच लिहिला. आमच्या शेजाऱ्यांची केळीची बाग कशी उपटावी लागली, एवढंच त्यात होतं.

एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने व्हिडिओवर बोलायला वेळ दिली. नाना पारोळ्याहून मुद्दाम आले आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मुलाखत चांगली झाली. मी सुटकेचा श्वास सोडतेय तोच त्यांनी मला कोपराने ढोसलं. "त्याले इचार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारलं.

प्राध्यापक आधी हसला. मग डोकं खाजवून म्हणाला की खरंच माहीत नाही, विचारून सांगतो.

"काय म्हनना तो?"

"माहीत नाही, विचारून सांगतो, म्हणाला."

नाना पहिल्यांदाच पडद्याजवळ सरकले आणि डाव्या डोळ्याने त्या माणसाकडे नीट बघू लागले. दोन दिवसांनी त्याचा मेल आला. दुकानांत म्हशीचं दूध मिळत नाही, लांबच्या एका फार्मवर म्हशी आहेत, पण ते लोक त्याचं चीज करतात. मी मराठीत वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "जाय, पोरी."

जळगाव स्टेशनवर निरोप द्यायला सगळे आले होते. गाडी दिसू लागली तेव्हा नानांनी मला बाजूला घेतलं. "परत येशी का वं?"

"हो नाना, येणारच!"

त्या एसीच्या ऑफिसात त्यांनी सरांकडे जसं पाहिलं होतं, तसं माझ्याकडे पाहिलं आणि केळीच्या वेफर्सची पिशवी माझ्या हातात देऊन मागे सरकले. गाडी सुटली तरी मला ते पाहणं विसरता येईना.

तेव्हापासून फोनवर मी संशयित. जेवलीस का? हो. काय? वरण-भात. डाळ कोणती? अशी उलटतपासणी चाले. मला हसू येई आणि वाईटही वाटे. या दिवाळीला त्यांनी पुन्हा विचारलं, "परत येशी का?" इथे मला पुढचं काम मिळायची शक्यता आहे आणि घरची आठवण तर रोजची. तोंडावर आलेलं 'हो' मी गिळलं.

"माहीत नाही, नाना."

ते म्हणाले, "आते खरं बोलनी. सोताले इचार आनि मंग सांग. घाई नही." त्या दिवशी त्यांनी डाळ विचारली नाही. तीन वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं. त्यांचा डावा डोळाही आता धूसर होत चाललाय, डॉक्टर लवकर ऑपरेशन करा म्हणतायत, आणि नाना टाळतायत, असं वडिलांनी सांगितलं होतं. "नाना, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्याल ना?"

"हो, हो! करसूच!" नाना म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले, की मी लगेच विचारलं, "कोणत्या तारखेला?"