बाबागाडीच्या मागे येणारी बाई

गोदामावर सारा जन्म पहारा केलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. टॉर्चकाकांचं तसंच होतं. अंधारात कुणीही दिसलं की आधी तोंडावर टॉर्च मारायचा, मग नाव विचारायचं, या सवयीवरून त्यांना हे नाव पडलं होतं. लेक चिडवायची, की बाबा आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागतील.

लेक बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली आणि तान्ही नात काकांच्या ताब्यात आली. लेकीने बजावलं होतं, दुपारची झोप मोडायची नाही. ती मोडली की पोर संध्याकाळभर किरकिर करते आणि मग घर डोक्यावर घेते. पण वरच्या मजल्यावर फरश्या बसवायचं काम चाललं होतं. त्या ठोकाठोकीत पोर डोळा मिटेना. म्हणून काका तिला बाबागाडीतून बाहेर नेऊ लागले. अंगावर तीच पिवळी दुलई, गाडीवर तोच सुती पडदा आणि काकांचं तेच बेसूर गुणगुणणं. वाचनालयामागच्या गल्लीत शिरेपर्यंत पोर गाढ झोपे. काका फेऱ्या मारत राहत, आणि हॉर्न वाजवणाऱ्यापासून भुंकणाऱ्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांवर डोळे वटारत.

एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की त्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानातली बाई मागून येते आहे. ते थांबले की तीही थांबे आणि उगाच पर्स चाचपी. दुसऱ्या दिवशी काकांनी वाट बदलली, बागेला वळसा घातला. बाई मागे होतीच.  पोरं पळवणाऱ्या बायका काय कपाळावर लिहून फिरतात? लेकीला सांगावं, तर ती बाहेर जाणंच बंद करणार.

बागेच्या फाटकाशी ते गर्रकन वळले. "काय पाहिजे तुम्हाला?" त्यांनी विचारलं, पण हळूच, कारण पोर झोपली होती.

बाईही तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "हे मूल कोणाचं आहे?"

काकांनी गाडी आपल्याकडे ओढली. बाई रोज दुकानातून बघत होती: एकटा म्हातारा, झाकलेली गाडी, आणि आतलं मूल ना रडत, ना हलत. कुत्रं भुंकलं तरी चुळबुळ नाही. मूल याचं नसावं, किंवा याने त्याला काहीतरी पाजलं असावं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मुलाला उठवा, नाहीतर पोलिसांना बोलावते, असं तिने बजावलं.

"खुशाल बोलवा," काका म्हणाले. "पण उठवणार नाही. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

बाईने फोन काढला, पण लावला नाही. शेवटी पोर आपोआप उठेपर्यंत थांबायचं ठरलं. बाकाच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला बाई, मध्ये गाडी. दोघांचाही एकेक हात गाडीच्या दांडीवर. बसल्या बसल्या काकांच्या मनात भलतीच शंका शिरली: जागी झाल्यावर आपल्याला बघूनच पोर रडली तर? कधीकधी रडायचीही. 

पोर उठली. तिने आधी बाईकडे टकमक पाहिलं, मग काकांकडे, आणि दोन्ही हात वर केले. काकांनी उचलताच तिने त्यांचा कान पकडला आणि खांद्यावर लाळ गाळत बसली.

बाईचा चेहरा सैल पडला, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने आईचा नंबर मागितला. लेक फोनवर आधी घाबरली, मग हसत सुटली.

काकांना मात्र बाईचा राग आला नाही. लेकीला त्यांनी संध्याकाळी सांगितलं, की गोदामावर असं एक माणूस जरी जोडीला असतं, तर त्यांना निवांत जेवता आलं असतं. बाई अजूनही गाडी दिसली की दुकानाच्या दारात येते आणि पोरीची चौकशी करते. काका उत्तर देतात, पण दांडीवरचा हात काढत नाहीत.