भावडबारीचा घाट आणि मोठ्या इंजिनाचं वेड

आमच्या आठशे सीसीच्या छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं, हे मी भावडबारीच्या घाटात, रस्त्याच्या कडेला उभी असताना ठरवलं.

आईला देवळ्याहून नाशिकला आणत होतो. मी चालवत होते, शेजारी माझा नवरा मिलिंद, मागे आई आणि तिच्या दोन कांद्याच्या गोण्या. निम्म्या चढात गाडी पहिल्या गिअरमध्येही दमली. आधी मिलिंद उतरला, मग गोण्या उतरल्या, शेवटी आई उतरली. तिचं वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. ती चालत वर पोचेपर्यंत कांद्याचे तीन ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेले, आणि तिसऱ्यावरच्या बाईनं आईला ओळखून हात केला. नाशिकला पोचल्यावर आई शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मी एस्टीनं येईन. तिथं मला कोणी उतर म्हणत नाय."

हे मला फार लागलं. पुढचे दोन महिने मी इंजिन बदलाचे व्हिडिओ बघत होते. मिलिंदचं एकच म्हणणं, "आठशेची गाडी आहे, तिला आठशेसारखं राहू दे." मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की सटाण्याच्या रफिकभाईंनी अगदी आमच्यासारख्याच गाडीत मोठं इंजिन बसवलंय, आणि ते चालवूनही बघू देतात. मग काय, शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. ठरलं असं की आधी चालवून बघायचं, मग वाद घालायचा.

वाट सोपी आहे. आग्रा हायवेनं ओझर, पिंपळगाव, चांदवड, आणि तिथून डावीकडे देवळा. पिंपळगावच्या टोलपर्यंत गर्दी असते, म्हणून लवकर निघालेलं बरं. टोलच्या पुढे आम्ही मिसळ खाल्ली. तर्री इतकी जहाल की मिलिंदचे कान लाल झाले, आणि सोबत भाजलेला पापड. चांदवडला डोंगर अंगावर आल्यासारखे जवळ येतात. तिथून पुढे रस्ता दुपदरी आहे आणि कांद्याचे ट्रॅक्टर कुठूनही वळतात, तेव्हा वेग कमीच ठेवा. आमचा आपोआप कमी होता. भावडबारीत गाडी रिकामी असूनही कण्हत होती. मी मिलिंदकडे बघितलं, त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

रात्री मुक्काम आईकडे. जेवायला शेवभाजी आणि भाकरी. आईनं गाडीचा विषय काढला नाही, मीही नाही.

रविवारी सकाळी सटाणा गाठलं. रफिकभाई पन्नाशीचे, हातात रुमाल, बोलणं निवांत. त्यांच्या गॅरेजसमोर ती उभी होती. आमच्याच गाडीची बहीण, रंगही तोच पांढरा. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "चालवा ताई. पण पाय हलका ठेवा."

ताहाराबादच्या रस्त्याला मोकळं दिसल्यावर मी दुसरा गिअर टाकला आणि पाय थोडा दाबला. पाठ सीटला चिकटली. गाडी अशी सुटली की मी हसायला लागले, आणि ते हसू थांबेचना. तिसऱ्या गिअरला तर डोळ्यांत पाणी आलं. पुढे एक चढ होता, तो कधी संपला कळलंच नाही. मागे बसलेला मिलिंद गप्प होता. मला वाटलं घाबरला.

"आता ब्रेक मारा," रफिकभाई म्हणाले.

मी मारला. गाडी थांबली, पण मला वाटलं होतं त्याच्या बऱ्याच पुढे, आणि नाक रस्त्यात खुपसून. हसू थांबलं.

"ब्रेक मी मुद्दाम जुने ठेवलेत," ते म्हणाले. "बघायला येणाऱ्याला कळावं म्हणून. ही गाडी मी एवढ्या पट्ट्यातच फिरवतो. ताई, इंजिन टाकणं माझ्यासाठी दोन दिवसांचं काम हाय. पण मग ब्रेक बदला, सस्पेन्शन बदला, गिअरबॉक्स बदला. आरटीओची परवानगी आधी काढा, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवा, इन्शुरन्सला कळवा. एवढ्या पैशात दुसरी चांगली गाडी येते. कागदाशिवाय कोणी करून देतो म्हणाला, तर तिथून निघा."

"पण माझी गाडी चढत नाही हो," मी म्हणाले. आवाज लहान मुलीसारखा निघाला.

"आठशे असली म्हणून काय झालं, भावडबारी चढायलाच पाहिजे. दाखवा बरं."

गॅरेजवर परतल्यावर त्यांनी आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मला एक्सलेटर दाबायला सांगितलं.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलाय."

"नाय. इथं तर अर्ध्याच्या थोडं पुढं येऊन थांबतंय."

ते माझ्या पायाशी वाकले आणि त्यांनी मॅट उचललं. त्याच्याखाली दुसरं मॅट निघालं. गेल्या दिवाळीत मिलिंदनं जाड, गादीसारखी मॅट आणली होती आणि जुन्यांवरच अंथरली होती. पेडल त्यावर टेकत होतं. म्हणजे गेलं वर्षभर मी गाडीला तिचा सगळा जोर कधी वापरूच दिला नव्हता. मी कंपनीत दिवसभर मायक्रोमीटरनं केसाहून बारीक फरक पकडते, आणि माझ्या पायाखालचं दोन बोटं जाड मॅट मला दिसलं नव्हतं. मिलिंद हळूच म्हणाला, "धूळ बसू नये म्हणून आणली होती."

रफिकभाई इतके हसले की त्यांना टेकायला खुर्ची लागली. पुढे आणखी निघालं. मागचं एक चाक ब्रेकमध्ये अडकत होतं आणि एअर फिल्टर मातीनं भरला होता. दुपारी दोनपर्यंत सगळं झालं. त्यांनी फिल्टरचे आणि मजुरीचे पैसे घेतले, मॅटचे घेतले नाहीत. "मॅटचं घरात मिटवा," म्हणाले.

देवळ्याला परतून मी आईला म्हटलं, "चल नाशिकला, आज गाडी चढेल."

आईनं मॅटची कथा ऐकली, जावयाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "येते. पण गोण्याबी घ्यायच्या. तपासायचं तर नीट तपास."

गोण्या घेतल्या. घाटाच्या तोंडाशी पोचलो. मी दुसरा गिअर टाकला आणि पाय पार खाली नेला, जिथं तो वर्षभर कधी गेलाच नव्हता. गाडी ओरडली, पण चढली. पहिलं वळण, दुसरं वळण. पुढच्या एका वळणावर पहिला गिअर लागला, आणि तिथेही ती थांबली नाही. मागे आई एकेक वळण मोजत होती. माथ्यावर पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली, कारण मला पुन्हा हसू आवरत नव्हतं. आईनं पुढे वाकून माझ्या खांद्यावर थाप मारली. "चांगली शे गाडी," ती म्हणाली. "उगा बदनाम केली."

घरी येऊन आज आठवडा झाला. माझा निर्णय पक्का आहे: इंजिन बदलणार नाही. तुमचीही छोटी गाडी चढावर दमत असेल, तर आधी पेडलखाली बघा, चाकं मोकळी फिरतात का बघा, मगच स्वप्नं बघा. ताहाराबादच्या रस्त्यावरची ती काही मिनिटं मात्र मी विसरणार नाही, ते खोटं कशाला बोलू.

अडचण वेगळीच झाली आहे. त्या दिवशी मागच्या सीटवर मिलिंद घाबरून गप्प नव्हता. काल जेवताना त्यानं विचारलं, "समजा, ब्रेक आणि सस्पेन्शन सगळं केलं, परवानगीही काढली, तर?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं मोबाइल पुढे केला. सटाण्याला त्याचे रफिकभाईंशी तीन फोन झाले होते.