जिना नसलेलं घर

"जिन्यावरून पाय घसरून पडले, असं तुम्हीच दवाखान्यात सांगितलंय. खरं ना?"

विमा कंपनीच्या वकिलांनी लातूरच्या कोर्टात असा आवाज लावला, की औशाच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असतील.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझी पक्षकार सोजरबाई, काखेत कुबडी धरून. वय पासष्ट, राहणार किल्लारी. भूकंपात घरची सगळी माणसं गेली, ही एकटी उरली. गावातल्याच बालाजीच्या जीपमधून उतरत होती. त्यानं गाडी पुढं घेतली आणि चाक पायावरून गेलं.

बालाजीनंच तिला दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "मावशी, घरी जिन्यावरून पडले म्हणा. न्हाईतर पोलिसांचं लफडं लागंल, भरपाईपायी जीप इकावी लागंल." मावशीनं तसंच सांगितलं.

दुखापत कशी झाली ते डॉक्टर केसपेपरवर लिहितात. त्याला हिस्ट्री म्हणतात. अपघाताच्या दाव्यात ही एक ओळ माझ्या अख्ख्या युक्तिवादाला भारी पडते. आणि माझा युक्तिवाद म्हणजे, ऐकता ऐकता एकदा पट्टेवाल्याची दाढी वाढली होती.

ऑपरेशन होऊनही पाय वाकडा जुळला, मजुरी बंद झाली, तेव्हा ती माझ्याकडं आली. एफआयआर उशिरा. साक्षीदार शून्य. जीपमधले चौदाच्या चौदा लोक नेमके तेव्हा दुसरीकडं बघत होते म्हणे! दावा हरलो असतो, तर पायाचं दुसरं ऑपरेशन विसरा.

"बोला बाई. पडलात ना जिन्यावरून?"

"साहेब, माझ्या घराला जिनाच न्हाई."

तिनं कुबडी दुसऱ्या काखेत घेतली.

"सरकारनं बांधून दिलेल्या दोन खोल्या हायत. भूकंपापासून डोक्याच्या वर डबासुद्धा ठेवत न्हाई मी. जिना कशाला बांधू?"

"मग खोटं का सांगितलं?"

"बालाजी मला मावशी म्हणतो."

"एवढ्यासाठी?"

"दुसरं कुणी काहीच म्हणत न्हाई, साहेब."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मी फाईल उलटी धरून वाचत राहिलो. तीस वर्षांच्या वकिलीत 'घराला जिना आहे का' हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. बाररूममध्ये मात्र तो डाव माझाच होता, असं अजून सांगतो.

पुढच्या तारखेला ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा लावला. बालाजीला साक्षीला बोलावलं. त्यानं मान खाली घालूनच सांगितलं, "गाडी मीच पुढं घेतली. मावशीला खोटं मीच बोलायला लावलं."

दावा मंजूर झाला. भरपाई विमा कंपनीनं दिली. ऑपरेशन झालं, कुबडी सुटली. बालाजीवरची फौजदारी केस चालू आहे.

निकालाची नक्कल द्यायला मी किल्लारीला गेलो. चहा झाला. उठायला लागलो की ती परत पातेलं चढवायची. त्या दुपारी मी अकरा कप चहा प्यालो. बाराव्याला बाहेर हॉर्न वाजला. सोजरबाई गॅस तसाच सोडून दारात गेली. बालाजीची जीप पुढं निघून गेली.

"आधी औशाहून माझ्या गोळ्या आणून द्यायचा," ती म्हणाली. "आता लाजतो. थांबत न्हाई. पण हॉर्न दोनदा वाजवतो."

तर लोकहो, अपघात झाला की डॉक्टरला पहिल्याच दिवशी खरं सांगा. गाडी ओळखीच्याची असली तर आधी सांगा. विमा चालू असला तर भरपाई कंपनी देते, त्याच्या खिशातून जात नाही. हे बालाजीला त्या दिवशी माहीत असतं, तर जीप अजून तिच्या दारात थांबली असती. आणि माझे दहा कप वाचले असते.