शेवटच्या ओळीशी

आयसीयूबाहेरच्या बाकावर शेजारच्या बाईने डबा उघडला आणि सुक्या बोंबलाचा वास आला. आत माझा नवरा होता, पण त्या वासाने मला थेट लहानपणीच्या उत्तनच्या किनाऱ्यावर नेलं.

वादळ ओसरलं होतं, पण बाबांची बोट आली नव्हती. बायका बोंबील वाळत घालत होत्या. दुपारी चर्चची घंटा झाली की आई हातातलं काम टाकून मोठ्याने देवमातेची प्रार्थना सांगायची आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणायच्या. त्या दिवशीही ती उभी राहिली. पण "आता आणि आमच्या मरणाच्या..." इथे ती अडली.

रत्नागिरीहून मजुरीला आलेली शेवंताकाकी रोज हे ऐकायची. कुंकू लावलेली ती बाई पुढे आली, तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आमच्या बोटी येण्याच्या वेळी, आमच्यासाठी विनंती कर."

"असं न्हाय ते, बाय," आई पुटपुटली.

"आज असंच म्हणायचं."

आईने तसंच म्हटलं. बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, तेव्हा आई पुन्हा उभी राहिली. बोट आली नाही तरी ती तीच प्रार्थना सांगतेय, याचा मला भयंकर राग आला होता.

"तुम्ही क्रिश्चन ना?" माझ्या गळ्यातला क्रॉस बघून बाकावरची शेजारची बाई म्हणाली. "माझा पोरगा पण आत आहे. तुमच्या देवाला सांगा ना. मी मागून म्हणते."

मी आईची ती प्रार्थना सुरू केली. "मरणाच्या" या त्याच शब्दाशी मीही अडले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पुढची ओळ येत नव्हती.