प्रवाळाच्या बेटावर भावाकडे

कॅरिबियनमधलं ते बेट मला पाहताक्षणीच आवडलं नाही. छोट्या विमानातून ते पाण्यावर घावन पसरल्यासारखं दिसत होतं, पांढरं, भोकाभोकांचं, सपाट. आम्ही रत्नागिरीची माणसं. घराबाहेर पडलं की एक तर चढायचं नाहीतर उतरायचं. इथे कुठेही उभं राहिलं तरी दोन्हीकडे समुद्रच दिसायचा.

धाकटा भाऊ न्यायला आला होता. जहाजावर आचारी म्हणून गेला, तो याच बेटावर उतरून राहिला. इथल्याच बाईशी लग्न केलं आणि पर्यटकांना प्रवाळ दाखवायची होडी चालवू लागला. बाबा गेले तेव्हाही आला नाही. आईनेच हट्ट धरला, "तू जा गो, त्याला घेऊन ये." मला जायचं नव्हतं. तरी गेले.

त्याने पहिल्यांदा विचारलं ते पिशवीबद्दल.

"आईने सोडे दिले असतील ना?"

"दिले होते. वाटेत विमानतळावर काढून घेतले, सुकी कोळंबी चालत नाही म्हणाले."

"काढून घेतले, की तू आणलेच नाहीस?"

मी पिशवी उचलून चालू लागले. पुढे आम्ही जेवणापुरतंच बोलत होतो. त्याची बायको माझ्या ताटात मासे वाढत राहायची. त्यांची लहान मुलगी दारातून माझ्याकडे टक लावून बघायची. तिचं कपाळ थेट बाबांचं होतं, म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तो म्हणाला, "चल, माझा समुद्र दाखवतो." होडी प्रवाळावर आली तेव्हा त्याने इंजिन बंद केलं.

"खाली बघ, ताई."

"घरी कधी येणार ते सांग."

 तो म्हणाला, "बाबांना अग्नी तू का दिलास? मी फोनवर सांगितलं होतं, थांबा म्हणून."

"थांबा म्हणालास. येतो म्हणाला नाहीस."

"तेव्हा माझ्याकडे कागद नव्हते. बाहेर पडलो असतो तर परत आत घेतलं नसतं. हिला दिवस गेले होते."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला? तू फोन उचललास की आधी शिव्याच घालायचीस."

"घालणारच! बाबा अंथरुणावर होते तेव्हा त्यांची घाण तुझ्या वाटचीही मीच काढली."

"मग आता आईला इथे पाठव. माझ्या वाटचं मी करतो."

"ती नाही येणार."

"तिला विचारलंस? की तूच ठरवलंस?"

मी ताडकन उठले. होडी कलली आणि मी पाण्यात पडले. पाणी छातीएवढंच होतं, पण पायाखालचा प्रवाळ विळीच्या पात्यासारखा. गुडघा फाटला. त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. होडीच्या काठाला लोंबकळत, धडपडत, स्वतःच वर चढले. 

घरी पोचल्यावर त्याच्या बायकोने जखमेवर व्हिनेगर ओतलं आणि त्याला तिच्या भाषेत फैलावर घेतलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण तो खाली मान घालून ऐकत होता, याचं मला बरं वाटलं. ठरल्याच्या आधीच मी परत निघाले. विमानात बसेपर्यंत त्याने "सांभाळून जा" एवढंही म्हटलं नाही, आणि मीही मागे वळले नाही.

घरी आई ओटीवरच बसली होती.

"एकटीच आलीस?"

"तो येणार नाही. तुलाच तिथे बोलावतोय. मी नाही म्हणून सांगितलं."

"मला न विचारता?"

"तिथे काही नाही गं आई. नुसतं पाणी आणि खडक. मातीसुद्धा बाहेरून आणतात."

"पोर आहे ना तिथे त्याची?" ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई घरी नव्हती. शेजारच्या काकूंना घेऊन पासपोर्टसाठी फोटो काढायला गेली होती. मला सोबत बोलावलं नव्हतं.